रस्त्याच्या पैशातच पावसाचा वाटा हवा

खानदेशातल्या शहरांमध्ये पाण्याची ओरड वर्षातून दोनदा होते. जुलै-ऑगस्टमध्ये जोराची सर आली की रस्ते तुंबतात, रेल्वेखालच्या बोगद्यांत वाहने अडकतात, सखल कॉलन्यांमध्ये गटारीचे पाणी ओट्याला लागते. एप्रिल-मेमध्ये त्याच कॉलन्यांतल्या बोअर कोरड्या पडतात आणि टँकर सुरू होतात. महापालिकेत या दोन तक्रारी दोन वेगळ्या टेबलांवर जातात. बांधकाम विभाग पाणी लवकरात लवकर शहराबाहेर घालवण्यासाठी पैसे मागतो. पाणीपुरवठा विभाग वाघूर धरणातून किंवा तापीवरून पाणी शहरात आणण्यासाठी पैसे मागतो. दरम्यान खुद्द शहरावर जो पाऊस पडून गेला, त्याचा हिशेब कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो.

हा हिशेब रस्त्याच्या अंदाजपत्रकात यायला हवा, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी वेगळी योजना नको. जो रस्ता होणारच आहे, त्याच्याच खर्चात त्यावर पडणारे पाणी शक्य तितके तिथल्या तिथे जिरवण्याची सोय असावी, आणि ती सोय टिकावी म्हणून दरवर्षी थोडा पण हक्काचा पैसा असावा. यातले पहिले काम तुलनेने सोपे आहे. दुसरे अवघड आहे, आणि आपल्याकडच्या चांगल्या कल्पना बहुतेक वेळा तिथेच मरतात.

आधी साधा गुणाकार करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. बारा मीटर रुंदीचा एक किलोमीटर रस्ता म्हणजे १२,००० चौरस मीटर. तासाभरात २५ मिलिमीटरची सर आली, तर त्या एका रस्त्यावर तीन लाख लिटर पाणी पडते, म्हणजे दहा हजार लिटरचे ३० टँकर. जळगावकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस होतो. त्या हिशेबाने हा एक किलोमीटर वर्षाला ८४ लाख लिटर पाणी अंगावर घेतो, म्हणजे ८४० टँकर. सगळे पाणी कधीच जिरणार नाही. तिसरा हिस्सा जिरला तरी २८० टँकर होतात, तेही आजूबाजूची छपरे आणि अंगणे न मोजता.

रस्ता मातीचा किंवा मुरमाचा होता, तेव्हा यातले बरेच पाणी कडेला मुरायचे. अभियंते पाण्याचा लोंढा काढताना तीन गोष्टींचा गुणाकार करतात: क्षेत्रफळ, पावसाची तीव्रता आणि पडलेल्या पाण्यातला वाहून जाणारा हिस्सा. गवताळ मोकळ्या जमिनीसाठी हा हिस्सा साधारण दोन-तीन दशांश धरतात, काँक्रीटसाठी नऊ दशांश. म्हणजे तीच जागा काँक्रीटने झाकली की तोच पाऊस तिप्पट-चौपट पाणी गटारीत ढकलतो. वरच्या प्रभागातल्या रस्त्याचे काँक्रीटीकरण झाले, दोन्ही बाजूंना कुंपणाच्या भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक बसले, की खालच्या प्रभागातली गटार आपोआप अपुरी ठरते. मग ती मोठी करण्याचा प्रस्ताव येतो. पहिल्या खर्चाने दुसरा खर्च जन्माला घातला, हे कुठल्याही फाइलवर लिहिलेले सापडत नाही.

काँक्रीटला माझा सरसकट विरोध नाही. जळगावात केंद्राच्या अमृत या शहरी पाणी-योजनेच्या जलवाहिन्यांसाठी आणि भुयारी गटारींसाठी रस्ते खोदले गेले. ती धूळ आणि तो चिखल ज्यांनी वर्षानुवर्षे सोसला, त्यांना टिकाऊ रस्ता हवा असणे अगदी रास्त आहे. प्रश्न रस्त्याच्या मधल्या भागाचा नाहीच, कडेचा आहे. वाहने जिथून जातात तो भाग पक्का करा. पण कडेची दीड-दोन मीटरची पट्टी, दुभाजक, चौकातली बेटे, कॉलनीची ओपन स्पेस यांना झाकण्याचे कारण काय? तिथे कडुनिंबाच्या बुंध्याला अगदी गळफास लागेल असे ब्लॉक बसवतात. झाडांभोवतीचे काँक्रीट एक मीटरपर्यंत काढा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीसाठी दिला होता. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तिथे सावली देणाऱ्या झाडाची मुळे उपाशी ठेवायची ही पद्धत मला क्रूर वाटते.

रस्त्याच्या कडेला पाणी जिरवण्याची रचना गुंतागुंतीची नसते. रस्त्याचा उतार गटारीऐवजी आधी या पट्टीकडे द्यायचा. कडेच्या दगडात जागोजागी खाचा ठेवायच्या, म्हणजे पाणी आत शिरेल. पट्टी रस्त्यापेक्षा वीतभर खोल ठेवायची. पाणी तिथे साचते, गाळले जाते, मुरते. जास्तीचे पाणी ठरावीक उंचीवरच्या जाळीतून गटारीत जाते. अमेरिकेत सिएटलने २००१ च्या सुमारास एका निवासी गल्लीत अशी रचना केली, तेव्हा त्या गल्लीतून बाहेर जाणारे पावसाचे पाणी जवळजवळ बंद झाले. पोर्टलंडने पुढे असे शेकडो रस्ते केले. फिलाडेल्फियाने २०११ मध्ये याच पायावर २५ वर्षांचा शहरव्यापी कार्यक्रम हाती घेतला.

त्यांचा नकाशा उचलून धुळ्यात ठेवला तर मात्र तो फसेल. खानदेशची काळी माती पाणी पिऊन फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि मग ती पाणी खाली सोडतच नाही. काळ्या मातीत नुसता खड्डा करून झाडे लावली, तर पावसाळाभर डबके राहील आणि लोक ते योग्य कारणानेच बुजवून टाकतील. म्हणून काळा थर काढून मुरमापर्यंत खोदावे लागते. खाली खडी, वर जाड वाळू, त्यावर वाळू-माती-शेणखताचे मिश्रण, आणि तळाशी छिद्रांचा पाइप. मुरूम हा आपल्या बेसॉल्ट खडकाचा कुजलेला, सच्छिद्र थर आहे. पाणी तिथवर नेले की ते घेतो. दुसरे म्हणजे आपल्याकडे आठ महिने कोरडे जातात. त्यामुळे नर्सरीतली शोभेची, रोज पाणी मागणारी रोपे इथे चालणार नाहीत. पावसात पाय भिजले तरी चालतील आणि उन्हाळ्यात तग धरतील अशीच झाडे हवीत: करंज, अर्जुन, कडुनिंब, खाली वाळ्यासारखी खोल मुळांची गवते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे. आपल्या बहुतेक गावांत उघड्या गटारीतून पावसाचे पाणी आणि मोरीचे सांडपाणी एकत्र वाहते. असे पाणी या पट्टीत सोडायचे नाही, आणि रस्त्यावरचे पाणी थेट बोअरमध्ये तर कधीच सोडायचे नाही. त्यात तेल असते, टायरची धूळ असते, शेण असते. ते मातीतून गाळूनच खाली गेले पाहिजे. बोअरच्या पुनर्भरणासाठी छपरावरचे पाणी वापरावे. म्हणजे सुरुवात कुठून करायची तेही ठरते: जिथे भुयारी गटार सुरू होऊन घरांची मोरी तिला जोडली गेली आहे, तिथले रस्ते आधी घ्यावेत.

यातून काय साधणार नाही, तेही स्पष्ट सांगायला हवे. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांना आला तसा पूर रस्त्याकडेच्या पट्टीने अडत नाही. तो डोंगरातून आला होता. पांझरा नदीने १८७२ मध्ये धुळ्याची शेकडो घरे नेली, त्या जातीच्या पुराला पूररेषा पाळणे आणि नदीपात्र मोकळे ठेवणे हाच इलाज आहे. रस्त्याकडेची पट्टी वर्षात दहा-पंधरा वेळा येणाऱ्या नेहमीच्या सरींसाठी आहे. पण आपले रस्ते तुंबतात ते बहुतेक वेळा अशाच सरींनी, आणि जमिनीत मुरू शकेल असे पाणीही याच सरींचे असते.

आता पैसा. बांधणीचा पैसा कुठून आणायचा, हा मला फारसा अवघड प्रश्न वाटत नाही, कारण तो आधीच खर्च होतो आहे. राज्याची नगरोत्थान योजना, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी, खासदार निधी, महापालिकेचा स्वतःचा निधी, या सगळ्यांतून रस्ते, गटारी आणि पेव्हर ब्लॉक होतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी शहरांना दिलेल्या अनुदानातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होता, आणि पावसाच्या पाण्याचे संकलन त्यात बसत होते. अमृतच्या दुसऱ्या टप्प्यात जलाशयांच्या पुनरुज्जीवनाला जागा आहे. जळगावच्या मेहरूण तलावाकडे किंवा धुळ्याच्या नकाणे तलावाकडे उतरणाऱ्या रस्त्यांचे पाणी गाळून सोडणे त्या हेतूशी सुसंगतच आहे. गरज आहे ती एका नियमाची. शहरातल्या कोणत्याही रस्त्याला, मग निधी कुठल्याही खात्याचा असो, तांत्रिक मंजुरी देताना त्यावरचे पाणी कुठे जिरणार हे नकाशात दाखवले पाहिजे आणि त्याचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरला पाहिजे. तो हिस्सा नंतर बचत म्हणून वगळता येणार नाही, असे निविदेतच लिहावे. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर पाऊसपाणी संकलन सक्तीचे केले आहे. नागरिकाला जी सक्ती आहे, ती महापालिकेने स्वतःच्या रस्त्याला लावून घेऊ नये, याला कोणतेही समर्थन नाही.

पण बांधून झालेल्या पट्टीत पहिल्याच पावसात गाळ, गुटख्याच्या पुड्या आणि प्लास्टिक येते. खाचा बंद होतात. दुसऱ्या वर्षी गवत वाळते, तिसऱ्या वर्षी कुणीतरी तिथे टपरी ठेवतो किंवा गाडी लावतो, आणि चौथ्या वर्षी नगरसेवक लोकाग्रहास्तव तिथे ब्लॉक बसवतात. बांधकामाला अनुदान मिळते, झाडूला आणि खुरप्याला मिळत नाही. उद्घाटनाची कोनशिला सगळ्यांना हवी असते. गाळ काढणाऱ्या माणसाचा पगार कुठल्या शीर्षातून द्यायचा, हे कुणी विचारत नाही.

या प्रश्नाचे उत्तर बाहेरून आणण्याची गरज नाही. पांझरेच्या काठाने शेकडो वर्षे फड पद्धत चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटावर फड म्हणजे शेतांचे गट, एका फडात एका हंगामात सगळ्यांचे एकच पीक. या पद्धतीच्या समतेबद्दल पुष्कळ बोलले जाते. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: तिथे पाटकरी होता, जागल्या होता. पाणी सोडणे, पाटावर नजर ठेवणे, पिकाची राखण करणे ही त्यांची नेमलेली कामे होती, आणि त्यांचा मोबदला लाभधारक शेतकरी आपापल्या क्षेत्राच्या प्रमाणात धान्यात देत. गाळ काढायला सगळे मिळून जात. बंधारा एकदाच बांधला गेला, पण तो टिकला या दरवर्षीच्या देण्यामुळे. वरच्या बाजूला धरणे झाली, विहिरींवर पंप आले आणि बऱ्याच ठिकाणी ही व्यवस्था मोडली, हे खरे. तरी ज्या मातीत हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या चालले, तिथे ‘लोक पाण्याच्या देखभालीसाठी पैसे देणार नाहीत’ हे वाक्य मी मान्य करत नाही. ज्याचे क्षेत्र जास्त त्याचा वाटा जास्त, आणि वाटा कुणाच्या हातात जातो हे सगळ्यांना दिसते, या दोन अटी पाळल्या तर लोक देतात.

शहरात याचे रूप सोपे आहे. ज्याने जितकी जमीन पाण्यासाठी बंद केली, त्याने तितका वाटा द्यावा. जर्मनीतल्या शहरांत सांडपाण्याचे शुल्क आणि पावसाच्या पाण्याचे शुल्क वेगवेगळे आकारतात. दुसरे शुल्क छप्पर आणि फरसबंदीच्या क्षेत्रावर ठरते. फिलाडेल्फियानेही २०१० पासून मोठ्या व्यावसायिक मालमत्तांची आकारणी त्याच दिशेने वळवली. आपल्याकडे समजा दर चौरस मीटरला वर्षाला दोन रुपये असा दर धरला. साठ चौरस मीटरच्या रो-हाउसला १२० रुपये येतील. चार हजार चौरस मीटर पटांगण फरशीने झाकलेल्या मंगल कार्यालयाला आठ हजार येतील. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे, तशीच सूट इथे लहान घरांना आणि झोपडपट्ट्यांना पूर्ण द्यावी. ज्याने अंगणात माती मोकळी ठेवली, छपराचे पाणी शोषखड्ड्यात सोडले, त्याला घटवून द्यावे. पुणे महापालिका पाऊसपाणी संकलन, सौरऊर्जा, गांडूळखत यांसाठी मिळकतकरात सवलत देते, म्हणजे सवलतीची ही वाट मळलेली आहे. शोरूम, गोदामे, पेट्रोलपंप, मोठी रुग्णालये, औद्योगिक वसाहतीतले शेड, आणि सरकारी कार्यालयांची प्रचंड छपरे या सगळ्यांकडून येणारा वाटा घरगुती वाट्यापेक्षा मोठा असेल, आणि असायलाच हवा.

नव्या शुल्काला कायद्याचा आधार लागेल, राज्याची मंजुरी लागेल, त्यात वेळ जाईल. तोवर हात बांधून बसायचे कारण नाही. घरपट्टीच्या बिलात वृक्ष उपकर आजही असतो. १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्यातून तो आला. पाणी जिरवणाऱ्या पट्टीतले झाड हेही झाडच आहे, आणि रोज टँकरने जगवाव्या लागणाऱ्या दुभाजकातल्या रोपापेक्षा ते स्वस्तात जगते. या उपकराचा एक निश्चित हिस्सा प्रभागनिहाय पट्ट्यांच्या देखभालीला द्यावा. काम बचत गटातल्या महिलांना द्यावे. ओडिशाने २०२० पासून शहरी रोजगाराच्या योजनेत नाल्यांची सफाई आणि पाऊसपाणी संकलन ही कामे महिला गटांमार्फत करवून घेतली आहेत.

‘आधीच कर भरतो, तो कुठे जातो कळत नाही’ हा आक्षेप खरा आहे, आणि तो भाषणाने दूर होणार नाही. पण महाराष्ट्राने एकदा याहून मोठे धाडस केले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीसाठी पैसा उभा करायचा होता, तेव्हा १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला गेला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापलेला पैसा खेड्यातल्या पाझर तलावावर, रस्त्यावर, मजुराच्या हातात जाणार होता. लोकांनी तो स्वीकारला, कारण कराचा हेतू त्याच्या जन्मालाच बांधलेला होता. इथेही तेच करावे लागेल: वेगळे खाते, बिलावर वेगळी ओळ, आणि प्रभागात फलक, ज्यावर या वर्षी किती जमा झाले, किती मीटर पट्टी कुणी साफ केली आणि तिला किती पैसे दिले हे लिहिलेले असेल. हा पैसा पगाराच्या थकबाकीत किंवा वीजबिलात वळवला, तर पुढच्या वर्षी वसुली करण्याचा नैतिक अधिकार महापालिकेला उरणार नाही.

कर्ज मात्र काढू नये. पुण्याने २०१७ मध्ये पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे रोखे विकले, ते पुण्याच्या आर्थिक पतीवर. जळगावने जुन्या कर्जाच्या हप्त्यांचे ओझे इतकी वर्षे वाहिले आहे, की त्या शहराला पुन्हा कर्जाचा सल्ला देणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय हे काम कर्जाच्या आकाराचे नाही. ते गल्लीगल्लीने, वर्षावर्षाने वाढणारे आहे.

‘खेड्यात पाणी जिरवा, शहराला पाइपलाइन द्या’ अशी आपली एक सवय झाली आहे. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून, साखळीने बंधारे बांधून पाणी खडकात उतरवले. ते पाहायला राज्यभरातून लोक आले. तो खडक शिरपूर शहराच्या हद्दीपाशी संपत नाही. अमळनेर, भुसावळ, नंदुरबार, शहादा यांच्याखालीही पाणी घेणारे थर आहेत, कुठे मुरूम, कुठे तापीकाठचा गाळ. यावल-रावेरकडे केळीच्या पट्ट्यात भूजल खाली गेल्याची चिंता प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी असते. तिथल्या नगरपालिकांनी आपले पावसाचे पाणी काँक्रीटवरून सरळ नदीत सोडावे, हे त्या शेतकऱ्यालाही मान्य होणार नाही.

डासांबद्दल लोक विचारतील, आणि विचारलेच पाहिजे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा लागतो. नीट बांधलेल्या पट्टीत पाणी एक-दोन दिवसांच्या वर थांबत नाही. थांबले तर ती चुकली आहे, असे समजून ठेकेदाराकडून दुरुस्त करून घ्यावी. यासाठी बिलाची एक अट पुरेशी आहे. रस्त्याचे शेवटचे देयक देण्याआधी पट्टीत टँकरभर पाणी सोडायचे, कॉलनीतल्या लोकांसमोर. अठ्ठेचाळीस तासांत ते जिरले तर पंचनाम्यावर रहिवाशांच्या सह्या घेऊन देयक द्यायचे. एक पावसाळा गेल्यावर तीच चाचणी पुन्हा घ्यायची, आणि अनामत तेव्हाच परत करायची. येत्या अंदाजपत्रकात स्थायी समितीने प्रत्येक प्रभागातला एक मंजूर रस्ता या अटीवर घ्यावा. त्यासाठी ना नवा कायदा लागतो, ना मुंबईहून येणारा निधी.